आवाज कुठं बसलाय

आमच्या बैठकीच्या फरशीवर दोन ठिकाणी विटांचे ठसे आहेत. भिंतीपासून दीड हात पुढे आणि एकमेकांपासून साडेचार हात लांब. घरी कामाला येणाऱ्या बाईंनी एकदा ते घासून काढायचा प्रयत्न केला. "मॅडम, काय ठेवलं होतं हितं? डाग निघूनच नाही राहिला," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या. त्या विटा शेषरावमामांनी स्वतःच्या हाताने, दोरीने मोजून मांडल्या होत्या. त्यांच्यावर ठेवलेले स्पीकर आता या घरात नाहीत, आणि मामाही यंदाच्या उन्हाळ्यात गेले.

वारंगा फाट्यावर ज्यांचा ट्रक कधी अडून पडला असेल, त्यांना मामा ठाऊक असतील. रस्त्याला लागून पत्र्याचं शेड, समोर दोन-तीन ट्रक, आणि एखाद्या ट्रकच्या उघड्या तोंडात कंबरेपर्यंत शिरलेला एक सडपातळ म्हातारा. शेडवरच्या पाटीवर फक्त 'वायरिंग' एवढंच लिहिलं होतं. रंगाऱ्याने आधी अक्षरं मोठी काढली आणि मालकाच्या नावाला जागा उरली नाही. मामा म्हणाले होते, "राहू दे. नाव वाचून कुणाचा दिवा लागत न्हाई." मनगटात काळ्या चिकटपट्टीचं रीळ बांगडीसारखं घातलेलं असे. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. ट्रकचे दिवे, हॉर्न, डायनॅमो ही त्यांची भाकरी होती. पण त्यांचं खरं काम वेगळं होतं. जुने, टाकून दिलेले रिसीव्हर आणि स्पीकर जोडून ते लोकांच्या घरात ऐकण्याची सोय करून देत.

मी त्यांच्याकडे गेले ती माझ्या वडिलांचा रिसीव्हर घेऊन. वडील पोस्टात होते. आखातातून परतलेल्या एका माणसाकडून त्यांनी तो घेतला होता. रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच डब्यात, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, पुढे पिवळा उजेड पडणारी काच. सोबत दोन लाकडी स्पीकर. वडील गेल्यावर ते सगळं पंधरा वर्षं माळ्यावर पडलं होतं. कळमनुरीतल्या एका दुकानदाराने झाकणही न उघडता सांगितलं, भंगारात द्या, हल्ली रिमोटवाले छान येतात. मी शाळेत मराठी शिकवते, मला यातलं काही कळत नाही. पण झाकण न उघडता दिलेला निकाल मला पटला नाही. शाळेतल्या शिपायाने मामांचं नाव सांगितलं. मी डबा शालीत गुंडाळला, स्पीकर एका पोत्यात घातले आणि फाट्यावर उतरले.

"मामा," मी ट्रकच्या डाव्या अंगाला उभी राहून हाक मारली. दोनदा, तीनदा. शेवटी क्लीनरने त्यांच्या पाठीवर थाप मारली.

मामा बाहेर आले, हात पुसले. "बाई, ह्या बाजूनं या. ह्या बाजूनं बोला," असं म्हणून त्यांनी मला उजवीकडे घेतलं. महामार्गावर गाड्यांचा गोंगाट होता, मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

त्यांनी डबा पोत्यावर ठेवला आणि रंगाच्या ब्रशने धूळ झाडत झाडत झाकण उघडलं. आत एक पाल वाळून कागद झाली होती. मी मागे सरकले.

"हिनंच बिघडवला का?"

"न्हाई बाई. हिनं डब्याला न्हाई मारलं, डब्यानं हिला मारलं." त्यांनी पाल कागदाने उचलून बाजूला ठेवली. "ह्याला मारायला लई लागतंय."

मग स्पीकरची जाळी काढली. आतल्या काळ्या कागदाभोवतीची फोमची कड बोट लावताच भुसा होऊन गळाली. मला वाटलं, संपलं. मामांनी मात्र अंगठ्याने मधला कागद हलकेच दाबून पाहिला, तो सरळ आत जाऊन परत आला. "कड गेली. काळीज शाबूत हाय," ते म्हणाले. "माणसाचं बी असंच असतंय. आधी कडंनं जातो. लोक समजतात संपला."

खर्चाची त्यांची एक रीत होती. एका बकरीच्या किमतीवर जायचं नाही. बाजारात बकरी जेवढ्याला असेल, तेवढ्यात रिसीव्हर, स्पीकर, तार, सगळं बसलं पाहिजे. त्याच्या वर गेलं की ते कामच घेत नसत. एका वकिलाने त्यांना भारी सामान आणायला सांगितलं तेव्हा म्हणाले, "साहेब, मंग मशीन ऐकत बसाल, गाणं न्हाई." त्यांची तार म्हणजे ट्रकच्या वायरिंगमधून उरलेली, लाल-काळी. स्पीकरखाली स्टँड म्हणजे गोणपाटात शिवलेल्या विटा. कड बदलायची ती हैदराबादेहून कुणा ड्रायव्हरबरोबर मागवलेल्या फोमच्या चकतीने. उंदराने कुरतडलेला कागद पतंगाच्या कागदाने आणि पातळ केलेल्या गमाने जोडायचा. आवाजाच्या बटणाची खरखर स्पिरिटच्या दोन थेंबांनी काढायची.

पंधरा दिवसांनी, कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी, मामा आमच्या घरी आले. मी त्यांना ओळखलंच नाही. पांढरा धुतलेला सदरा, विंचरलेले केस, मनगटात रीळ नाही. लोकांच्या घरी ऐकायचं सामान मांडायला जाताना ते असेच जात, हे मला नंतर कळलं. ग्रीस लागलेल्या हाताने ते कुणाच्या बैठकीत शिरत नसत.

आधी ते बैठकीच्या मधोमध उभे राहिले आणि एक टाळी वाजवली. थांबले. कोपऱ्यात जाऊन दुसरी. माझे यजमान विनायक वर्तमानपत्र खाली ठेवून पाहू लागले.

"घर लई बोलतंय," मामा म्हणाले. "ह्याला जरा गप करावं लागंल."

त्यांनी पुस्तकांचं कपाट बसायच्या जागेच्या मागे आणायला लावलं. "पुस्तकं लई चांगली. भिंतीवर आवाज आपटतो, पुस्तकात मुरतो." समोरच्या भिंतीवर त्यांनी आमची एक गोधडी टांगली. मग खिशातून दोरी काढली. डाव्या विटेपासून उजव्या विटेपर्यंत जेवढी, तेवढीच प्रत्येक विटेपासून माझ्या खुर्चीपर्यंत. "चुलीचे तीन दगड बघितलेत ना बाई? तसं. एक दगड हुकला की भांडं कलतंय."

तारा जोडून झाल्यावर मला वाटलं, आता एखादं गाणं लावतील. त्यांनी बातम्या लावल्या. "गाणं फसवतंय. बोलणारा माणूस फसवत न्हाई." मग मला खुर्चीत बसवून म्हणाले, "डोळे मिटा. आता सांगा, आवाज कुठं बसलाय? बोट दाखवा."

मी डोळे मिटले. बातम्या सांगणारी बाई कुठेच नव्हती, म्हणजे सगळीकडे होती, जराशी माझ्या डोक्याच्या मागेही. मी तसं सांगितलं. मामा वाकले, एका स्पीकरच्या मागची लाल तार काळीच्या जागी आणि काळी लालच्या जागी लावली.

"आता?"

आता ती बाई समोर बसली होती. दोन खोक्यांच्या बरोबर मध्ये, जिथे काहीच नव्हतं, तिथे. मी बोट केलं. मामा माझ्या बोटाच्या रोखाने चालत गेले, त्या रिकाम्या जागेपाशी थांबले आणि हात पुढे करून म्हणाले, "हितं?"

"जरा डावीकडं. हो, तिथंच."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला तेव्हा कारागिराचं समाधान वाटलं.

विनायकना थट्टेची सवय. "मामा, बोट आम्हीच दाखवायचं, तर तुमचे कान कशाला?"

मामा हसले. "घर तुमचं हाय सर. पावण्याला बसायची जागा घरच्यानंच दाखवायची असती."

तेव्हापासून मी अधूनमधून फाट्यावर जाऊ लागले. कधी एखाद्या शिक्षकाचा जुना टेप घेऊन, कधी नुसतीच. शेडच्या मागेच त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यांच्या पत्नी शांताकाकू मला चहा देत आणि नवऱ्याच्या तक्रारी सांगत. पहिल्याच तक्रारीत मला त्या कॅसेटचं कळलं.

देव्हारा नव्हता, पण फडताळात बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली स्टीलचा एक लहान डबा होता. त्यात तांदळाची पुरचुंडी, ओल धरू नये म्हणून, आणि कापडात गुंडाळलेली एक कॅसेट. मामांचे वडील ग्यानबा हे पुसेगावचे. त्यांची गायन पार्टी होती. दिवसा मजुरी करायची आणि जयंतीच्या दिवसांत पेटी खांद्यावर मारून गावोगाव गायचं, गाणी स्वतःच जुळवलेली. ती कुठे लिहून ठेवलेली नाहीत. ग्यानबांना लिहिता येत नव्हतं. थकल्यावर एका हिवाळ्यात मामांनी एका ड्रायव्हरचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि घरातच वडिलांचं गाणं भरून घेतलं. त्याच हिवाळ्यात ग्यानबा गेले.

"गेल्यावर पंचक्रोशीतले लोक यायचे, लावा म्हणायचे," काकू सांगत होत्या. "ज्याच्या-त्याच्या मशीनवर लावली. एका मशीननं खाल्ली. दोन जागी तुटली. ह्यांनी जोडली अन् डब्यात घातली. म्हणले, आता एकदाच वाजवीन. बराबर जोडी सापडली की."

"जोडी म्हणजे?"

मामा उंबऱ्यात चहा पीत होते. "एकाच घाण्यातले दोन स्पीकर पायजेत, बाई. एक हिकडचा एक तिकडचा असला की माणूस एका अंगाला सरकतो. मला माझा बाप बराबर मधी बसलेला पायजे. ही टेप आता एकच डाव चालंल. दोन डाव चालंल का न्हाई, सांगता येत न्हाई. मंग कशावर बी काहून लावू?"

कॅसेट वाजवायचं मशीन त्यांनी कधीचंच तयार ठेवलं होतं. त्याची चाकं एवढी हलकी केली होती की फुंकरीनेही फिरावीत. रिसीव्हरही होता. राहिली होती जोडी.

ती जोडी त्यांना माझी ओळख झाल्यानंतर सापडली. नांदेडच्या भंगारात, कुणा डॉक्टरच्या बंगल्यातून निघालेली. दोन्ही स्पीकरांच्या पाठीवर लागोपाठचे नंबर होते. मामांनी ते एसटीने आणले, एक मांडीवर घेऊन. एक सीट स्वतःला आणि एक दुसऱ्या स्पीकरला. कंडक्टर म्हणाला होता, "मामा, ह्याचं हाफ का फुल?" कडा बदलल्या, लाकडाला जवसाचं तेल पाजलं. उन्हाळाभर ते सावलीत ठेवून गम पक्का होऊ दिला. "एवढ्या दिवाळीला," काकू मला म्हणाल्या.

दिवाळीआधी पुसेगावच्या पाटलांचा मुलगा आला. त्याच्या वडिलांना पक्षाघात झाला होता. वाचा गेली, सगळं अंग गेलं, उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हलत होती. माणूस दिवसभर भिंतीकडे बघत पडून असतो, टीव्ही लावला की डोळे मिटून घेतो. काही ऐकायची सोय होईल का? मामांच्या शेडमध्ये तेव्हा धड जोडी एकच होती.

ती त्यांनी दिली.

मला राग आला. मी बोलून दाखवला नाही, पण काकूंनी दाखवला. "तुमच्या बापाला त्या ओसरीची पायरी चढू देत नव्हते. अन् तुमी त्याच्या पलंगाम्होरं त्याच बापासाठी आणलेली जोडी नेऊन मांडली."

"पायरी चढू देत नव्हते, खरंय," मामा म्हणाले. ते तार गुंडाळत होते. "पण बाप आमच्या वस्तीत गायला बसला की तो पाटील ओसरीचा कंदील बारीक करून बसायचा. मी बघितलंय. उजेड ठेवला असता तर लोकांना दिसलं असतं, म्हणून बारीक करायचा. गाणं संपेपर्यंत हालायचा न्हाई."

"मंग?"

"मंग काय. ऐकणारा माणूस हाय तो. ऐकणाऱ्याला न्हाई कसं म्हणू?"

पुसेगावला मीही त्यांच्याबरोबर गेले होते, म्हणून पुढचं सांगू शकते. मामांनी नेहमीसारखी टाळी वाजवली, दोरी लावली, बातम्या लावल्या. मग पलंगाच्या उजव्या अंगाला वाकून म्हणाले, "पाटील, आवाज कुठं बसलाय? बोट दाखवा." मुलगा ओशाळला, "मामा, ते कसं..." तेवढ्यात पांघरुणावरची दोन बोटं उचलली गेली. थरथरत होती, पण वळली ती बरोबर मध्ये. जन्मभर त्या माणसाने बोटाच्या इशाऱ्यावर गाव हलवलं होतं. मामा त्या बोटांच्या रोखाने गेले, रिकाम्या जागेवर हात ठेवला आणि विचारलं, "हितं?" पाटलांनी डोळे मिटले. ते हो म्हणणं होतं.

परत येताना जीपमध्ये मामा फार खुशीत होते.

फाट्यावर बबलू नावाचा एक गृहस्थ होता. लग्ना-वरातीला लावायच्या डीजेचा मालक. ट्रकभर काळी खोकी, एकेक माणसाएवढं. त्याचं वायरिंग मामांकडेच असे. तो येता-जाता टोमणे मारी. "मामा, तुमच्या ह्या दोन डब्यांनी गल्लीतलं कुत्रं बी उठणार न्हाई."

"मला कुत्रं उठवायचं न्हाई बबलू. माणसाला बसवायचं हाय."

"आमच्या बेसच्या दणक्यानं छाती हालते."

"छाती हालवायला घरात बायको असते. कानाचं काय ते बोल."

आजूबाजूचे ड्रायव्हर हसले, बबलूही हसला. पण त्यालाच एकदा मामांनी बाजूला घेऊन कापसाचे दोन बोळे दिले होते आणि म्हणाले होते, "खोक्याम्होरं उभा राहतोस, हे घालत जा. कान परत मिळत न्हाई." त्यांचा आवाज त्या वेळी इतका वेगळा होता की बबलूने बोळे मुकाट्याने खिशात घातले.

का, ते मला काकूंनी सांगितलं. मी एकदा सहज म्हटलं होतं, मामा प्रत्येकाला बोट दाखवायला लावतात, त्यांची ही तऱ्हा मला फार आवडते. काकू भाकरी थापत होत्या, थांबल्या.

"तऱ्हा न्हाई बाई. त्यांना कळतच न्हाई."

"काय?"

"डावा कान गेलेला हाय. आमचं लगीन व्हायच्या आधीच. ट्रकचं तोंड उघडून हॉर्नची तार जोडून राहिले होते, डोकं हॉर्नला चिकटलेलं. वर बसलेल्या ड्रायव्हरला वाटलं काम झालं, त्यानं दाबला. रगत आलं कानातून." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "त्या ड्रायव्हरला ते अजून बी काही बोलले न्हाईत. दर दिवाळीला घरी येतो तो."

एका कानाने गाणं ऐकू येतं, शब्द कळतात, खरखर कळते, घर बोलतंय का तेही कळतं. पण आवाज कुठून येतो, ते एका कानाला कळत नाही. त्याला दोन कान लागतात. दोन खोक्यांच्या मध्ये, जिथे काही नाही तिथे माणूस येऊन बसतो, हे मामांना माहीत होतं, पण त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत त्यांनी तो माणूस आणून बसवला आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या बोटाकडे पाहून त्याची जागा जाणून घेतली. 'ह्या बाजूनं बोला' मला आठवलं. विनायकची थट्टाही आठवली. मी घरी जाऊन हे सगळं सांगितलं तेव्हा विनायक उठून बाहेर गेले आणि जेवायच्या वेळेलाच परत आले.

मामांना मी कधी सांगितलं नाही की मला कळलंय. फक्त त्यानंतर त्यांनी बोट दाखवायला सांगितलं की मी फार काळजीपूर्वक दाखवत असे.

गेल्या हिवाळ्यात त्यांना दम लागू लागला. नांदेडच्या डॉक्टरांनी हृदय थकल्याचं सांगितलं. शेड बंद झालं. काकूंनी मला फोन केला. "सगळ्या जिल्ह्याला खोकी वाटली. स्वतःच्या बापाची कॅसेट मातर डब्यातच राहिली. आता तर उठवत बी न्हाई."

मी आणि विनायकनी आमचा रिसीव्हर आणि स्पीकर शालीत गुंडाळले, विटाही घेतल्या, आणि जीप करून फाट्यावर गेलो. मामा खाटेवर उशाला टेकून बसले होते. आम्ही काय आणलं ते पाहून रागावले.

"तुमच्या वडलांचं हाय ते, बाई."

"म्हणूनच आणलं. एकाच घाण्यातले पाहिजेत, तुम्हीच म्हणाला होतात. हे तसेच आहेत."

मामा काकूंना म्हणाले, "पांढरा सदरा दे."

त्यांना उठायची बंदी होती. दोरी मी धरली, विटा विनायकनी मांडल्या. पत्र्याचं घर फार बोलत होतं. काकूंनी सगळ्या गोधड्या काढून भिंतीला टांगल्या. तारा मी जोडल्या. मामांनी चष्मा पुसून कॅसेटच्या चाकात पेन्सिल घातली आणि टेप सैल पडली नाही ना, ते पाहिलं. बातम्या लावून बघायला हव्या होत्या, पण त्या दिवशी फाट्याची वीज सारखी ये-जा करत होती आणि मामांना धीर नव्हता. चाळीस वर्षं ज्यांनी बातम्यांशिवाय कुणाच्या घरी तार बांधली नाही, त्यांनी ती एक पायरी गाळली. "लावा," ते म्हणाले. "डोळे मिटा बाई. बोट दाखवा."

मी तिसऱ्या दगडाच्या जागी बसले आणि डोळे मिटले. खर्र आवाज आला, मग पेटीचा सूर, कुणीतरी खोकलं.

आवाज कुठेच बसला नव्हता. तो सगळीकडे होता, माझ्या मागेही होता. एक तार मी उलटी लावली होती.

मी डोळे उघडले. मामा माझ्या हाताकडे बघत होते. टेपकडे नाही, स्पीकरकडे नाही, माझ्या हाताकडे. मी बोट मध्ये केलं असतं तर त्यांना कधीही कळलं नसतं. टेप थांबवून मागे घ्यायची म्हणजे तुटायची भीती, आणि ती एकच डाव चालणार होती. काकूही माझ्याकडे पाहत होत्या.

"मामा, उलटं झालंय," मी म्हटलं. "माझीच चूक. तार उलटी आहे."

विनायकनी मशीन बंद केलं. काकू म्हणाल्या, "असू दे हो. ऐकू तर येतंय ना."

मामांनी मान हलवली. "बाप घरभर सांडलेला नको. कॅसेट आणा हिकडं."

त्यांनी पेन्सिलीने एकेक फेरा देत टेप मागे घेतली. एक जोड आला, गेला. मी तोवर तार बदलली आणि दोनदा तपासली. त्यांनी स्वतः कॅसेट मशीनमध्ये घातली आणि मला खूण केली. मी पुन्हा डोळे मिटले.

खर्र. पेटीचा सूर. खोकला. आणि मग एक म्हाताऱ्या माणसाचा आवाज, गाणं नव्हे, बोलणं:

"शेषा, चालू झालं का रं? तिकडं काहून उभा राहिलास? म्होरं येऊन बस."

मी डोळे न उघडता बोट केलं. दोन विटांच्या बरोबर मध्ये, जमिनीपासून हातभर वर, एक माणूस मांडी घालून पेटीमागे बसला होता.

खाट करकरली. काकू "अहो" म्हणाल्या. मी डोळे उघडले तेव्हा मामा भिंतीला धरून पुढे गेले होते. माझ्या बोटाच्या रोखाने ते त्या रिकाम्या जागेपाशी पोचले, पण या वेळी हात पुढे करून 'हितं?' असं त्यांनी विचारलं नाही. ते तिच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर जमिनीवर बसले, मांडी घातली. पेटी वाजत होती, ग्यानबांनी पहिली ओळ उचलली होती.

मी त्यांना कितीतरी वर्षं ऐकताना पाहिलं होतं. माणूस असो की मशीन, ते मान वळवून उजवा कान पुढे करत. त्या दिवशी त्यांनी मान वळवली नाही. पांढऱ्या सदऱ्यातली पाठ ताठ होती, तोंड सरळ समोर होतं, आणि समोर जिथे काही नव्हतं तिथे ते बघत बसले होते.